पेनी टाका, पाणी प्या

नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, दिवाळी अंकांचं तर मकरसंक्रांतीपर्यंत येत राहतं. पण गावाचं परीक्षण कोणी लिहीत नाही. गावाचं प्रवासवर्णन लिहितात, आणि प्रवासवर्णनात प्रत्येक गाव पहिल्या वर्गात पास होतं. याचं कारण साहित्यिक नाही, आर्थिक आहे. माणूस पदरचे दीड-दोन लाख खर्चून जिथे जातो, ते ठिकाण भिकार होतं असं लिहायला छाती लागते. त्याची बायकोही ते छापू देत नाही.

माझी गोष्ट वेगळी. माझं अमेरिकेचं तिकीट भाच्यानं काढलं. आमच्या बँकेचं एल.टी.सी. कन्याकुमारीच्या पुढे समुद्रात जात नाही. त्यामुळे मला कोणत्याही गावाचं कौतुक करण्याचं आर्थिक बंधन नव्हतं. शिवाय मी बी.कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं एका बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या नोटा उजेडात धरून बघतो आहे. खरं-खोटं तपासण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला टीकाकार व्हायला आणखी वेगळी पात्रता लागत असेल असं मला वाटत नाही. मराठीत तर याहून कमी भांडवलावर लोक टीकाकार झालेले आहेत.

तर परीक्षणाला घेतलेलं गाव : मॅनिटू स्प्रिंग्ज, राज्य कोलोरॅडो, देश अमेरिका. डेन्व्हरहून दक्षिणेला मोटारीनं सुमारे सव्वाशे किलोमीटर. समुद्रसपाटीपासून सहा हजार चारशे फूट उंच, आणि डोक्यावर चौदा हजार फुटांचा पाइक्स पीक नावाचा डोंगर. गावात दोन गोष्टी बघण्यासारख्या, असं भाच्यानं गाडीतच सांगून टाकलं. एक म्हणजे रस्त्याच्या कडेला नळासारखे वाहणारे खनिज पाण्याचे झरे, आणि दुसरी म्हणजे नाणी टाकून चालणाऱ्या जुन्या खेळांची आर्केड.

"म्हणजे आपलं वज्रेश्वरी," सौ. म्हणाली.

"मामी, इथलं पाणी गार असतं. आणि त्यात बसायचं नाही, ते प्यायचं."

"मग त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?" हा प्रश्न तिनं विचारला नसता तर परीक्षण लिहिण्याचं मला सुचलंही नसतं.

पहिल्यांदा गावाच्या उणिवा सांगतो. १८७२ साली जनरल विल्यम पामर आणि डॉक्टर विल्यम बेल या दोघांनी हे गाव वसवलं. पामर रेल्वेवाला आणि बेल इंग्लंडमधला डॉक्टर. रेल्वेवाला आणि डॉक्टर भागीदारीत गाव काढतात तेव्हा त्यांचा धंद्याचा आराखडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकानं माणसं आणायची, दुसऱ्यानं ती ठेवून घ्यायची. आरोग्यधाम म्हणून गावाची जाहिरात झाली, 'पश्चिमेकडचं सॅराटोगा' असं बिरुद लागलं, हॉटेलं निघाली. आपल्याकडे महाबळेश्वरला साहेबानं जे केलं तेच, फक्त इथे स्ट्रॉबेरीऐवजी सोडा.

गावाचं नाव मॅनिटू, म्हणजे आत्मा किंवा दैवी शक्ती. आता हे झरे ज्या यूट लोकांना पवित्र होते, त्यांच्या भाषेतला हा शब्दच नव्हे. तो तिकडे दूर पूर्वेकडच्या अल्गाँक्विन कुळातल्या भाषांचा. म्हणजे आपल्या राजापूरच्या गंगेला कोणी तमिळ नाव द्यावं आणि वर 'स्थानिक परंपरेनुसार' अशी पाटी लावावी, त्यातला प्रकार. ज्यांच्या परंपरेच्या नावानं हा थाट केला, त्या यूट लोकांपैकी बहुतेकांना १८८१ साली सरकारनं राज्याबाहेर, यूटाकडच्या राखीव भूमीत हलवलं. देव ठेवला आणि पुजारी काढला. नावही बदलीवरच्या माणसाकडून घेतलं.

गावाच्या कडेला खडकाच्या कपारीत बांधलेली प्राचीन घरं आहेत. मी मोठ्या भक्तिभावानं बघायला गेलो. सातआठशे वर्षांपूर्वीचे दगड, खिडक्या, शिड्या, सगळं कसं झकास! मग माहितीपत्रक वाचलं. ही घरं इथली नव्हेतच. राज्याच्या पार नैऋत्येकडच्या एका खोऱ्यातून दगड आणून इथे पुन्हा रचले आणि १९०७ साली प्रेक्षकांसाठी दार उघडलं. दगड अस्सल आहेत, तेवढी गोष्ट मान्य. पण अस्सल सही दुसऱ्याच चेकवरून कापून इथे चिकटवली, तर आमच्या शाखेत त्या चेकला आम्ही अस्सल म्हणत नाही. पोलिसांना फोन करतो.

पाइक्स पीकवर दातेरी रुळांची आगगाडी जाते. ती १८९१ पासूनची. ती काढली झाल्मन सिमन्स या गृहस्थांनी, ज्यांच्या कंपनीनं पुढे गाद्यांच्या धंद्यात नाव काढलं. ते आधी खेचरावर बसून डोंगर चढले होते आणि त्या बैठकीचा अनुभव घेतल्यावर त्यांना रेल्वे सुचली, असं सांगतात. गादीवाल्याला खेचराची पाठ टोचावी हे मला पटलं. गाडीचं तिकीट मात्र मी रुपयात गुणलं आणि डोंगर खालूनच चांगला दिसतो असं ठरवलं. दुसऱ्या बाजूला एका जुन्या दोरखेच गाडीच्या मार्गावर पावणेतीन हजारांच्या घरात पायऱ्या आहेत. दरड कोसळून ती गाडी १९९० साली बंद पडली, आणि आता लोक त्या पायऱ्या धापा टाकत चढतात. वर देऊळ नाही, प्रसाद नाही, नवससुद्धा नाही. नुसतं चढायचं आणि उतरायचं. सप्तशृंगीला जाऊन आलेल्या माणसाला हे कळणं कठीण आहे.

आता पाणी.

गावात असे सातआठ झरे आहेत आणि प्रत्येकाचा वेगळा घाट केलेला आहे. कुठे दगडी कुंड, कुठे कांस्याचा नळ. फुकट प्यायचं. या 'फुकट' शब्दावर मी तीनदा खात्री करून घेतली. ज्या देशात विमानतळावर साधी पाण्याची बाटली घेताना हात कापतो, तिथे दीडशे वर्षांच्या जाहिरातबाजीनंतरही झऱ्याचं पाणी रस्त्यावर फुकट वाहतं आहे, ही गावाच्या खात्यात जमेची पहिली नोंद.

चवीबद्दल मात्र सभ्य शब्दांत लिहिणं अवघड आहे. शायेन नावाच्या झऱ्याचं पाणी सोड्यासारखं, बरं लागलं. ट्विन स्प्रिंगचं किंचित गोडसर. त्यात लिथियम जास्त आहे म्हणतात. गावातले लोक बाटल्या भरून नेऊन त्यात लिंबू सरबत करतात. पण शोशोनीचं पाणी म्हणजे तांब्याभर पाण्यात शाळेची खडूपेटी आणि थोडी वीट भिजत घालावी तसं. आणि आयर्न स्प्रिंग! लहानपणी आपण कंपासमधली करकटक चोखून बघितलेली असते, ती चव. सौ.नं एक घोट घेतला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे ना, प्या तुम्ही."

भाच्यानं यामागचं शास्त्र समजावून सांगितलं. डोंगरावरचा बर्फ वितळतो, पाऊस पडतो, ते पाणी भेगांतून खोल जमिनीत उतरतं, तिथे तापतं, चुनखडकातून जाताना क्षार विरघळवून घेतं, त्यात कर्बवायू मिसळतो आणि त्या वायूच्या जोरावर ते पुन्हा वर येतं. या प्रवासाला हजारो वर्षं लागू शकतात. म्हणजे मी जो घोट थुंकला, तो शालिवाहनाच्याही आधी कधीतरी निघालेला असेल. हे कळल्यावर दुसरा घोट मी गिळला. वयाचा मान असतो.

या झऱ्यांबद्दल जुन्यातला एक मजकूर आहे तो जॉर्ज रक्स्टन या इंग्रज प्रवाशाचा. तो १८४७ साली इथे आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की झऱ्याच्या कुंडात मण्यांचा खच पडलेला होता आणि भोवतालच्या झाडांवर कापडाच्या, कातड्याच्या चिंध्या टांगलेल्या होत्या. अरापाहो लोकांनी पाण्यातल्या दैवताला वाहिलेला तो नजराणा. कुंडात बुडबुडे येतात, म्हणजे आत कोणीतरी श्वास घेतंय. घेणाऱ्याला काहीतरी दिलं पाहिजे. हे वाचून सौ.ला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. नाशिकजवळ गाडी गोदावरीच्या पुलावर आली की तिचा हात पर्समध्ये जातोच.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण परीक्षकाच्या दृष्टीनं इथे गोम आहे. मणी वाहणाऱ्या माणसानं पाण्याकडून काय मागितलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण पाण्यानं काही कबूल केलं नव्हतं. पुढे बाटल्या भरणारे आले, पत्रकं छापणारे आले, तेव्हापासून पाणी कबूल करायला लागलं. पोट, यकृत, मूत्रपिंड, छाती, सगळं बरं करू म्हणून. त्या शब्दांवर विसंबून क्षयाचे रोगी देशभरातून आले. तेव्हा क्षयाला औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडायचं होतं. हवा कोरडी होती, ऊन स्वच्छ होतं. काहींना बरं वाटलंही असेल. एमा क्रॉफर्ड नावाची तरुण मुलगी १८८९ साली अशीच आली आणि १८९१ साली गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला समोरच्या रेड माउंटनवर पुरलं. पुढे ती जागा हलवावी लागली, आणि १९२९ साली पावसानं जमीन वाहून जाऊन तिची शवपेटी डोंगर उतरून खाली आली.

१९९५ पासून दर ऑक्टोबरात या गावात तिच्या नावानं शवपेट्यांची शर्यत होते. चार जण ढकलायला, एक जण आत बसायला, दोन्ही बाजूंना टाळ्या. भाच्यानं मोबाइलवर चित्रफीत दाखवली. मी हसलो, कारण हसू येण्यासारखंच आहे ते. सौ. हसली नाही. "वय काय होतं हो तिचं?" एवढंच तिनं विचारलं. मी गावाच्या खात्यात ही नोंद जमेला टाकू की नावे टाकू, याचा निर्णय अजून केलेला नाही. आमच्याकडे अशा रकमा सस्पेन्स अकाउंटला ठेवतात. वर्षअखेरीला साहेब बघतात.

आता एक आमच्या धंद्यातला माणूस. गावातल्या मुख्य रस्त्यावर एक उंच घड्याळ आहे, वर आरोग्यदेवता हायजियाची मूर्ती. हे घड्याळ १८८९ साली जेरोम व्हीलर यांनी दिलं. एका झऱ्यालाही त्यांचं नाव आहे. हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाचे भागीदार, ॲस्पेनच्या चांदीच्या खाणींत पैसा घातलेले आणि बँक काढलेले. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला आणि व्हीलर यांची ॲस्पेनमधली बँकही बंद पडली. बँक गेली, घड्याळ राहिलं. मी त्या घड्याळासमोर टोपी काढून उभा राहिलो. बँकवाल्यानं ग्राहकांना कायमची दिलेली अशी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. आम्ही कॅलेंडरं देतो.

एवढं सगळं बघून झाल्यावर आम्ही आर्केडमध्ये शिरलो, तेव्हा माझं परीक्षण जवळजवळ लिहून झालं होतं. नाव उसनं, घरं उसनी, पाणी कडू, दावे फुगवलेले. त्यात आता जुगाराची यंत्रं. माझ्या मनात मार्क ठरले होते.

आर्केड म्हणजे एक इमारत नव्हे. बोळाच्या दोन्ही अंगांना उघड्या दारांच्या खोल्या, आणि त्यांत खचाखच भरलेली यंत्रं. आत जायला तिकीट नाही. एका खोलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धाटणीची लाकडी पेट्यांची यंत्रं, दुसरीत पिनबॉल, तिसरीत १९८० चा पॅकमॅन आणि त्याची भावंडं. कोपऱ्यात लाकडी उतारावरून चेंडू गडगडवत भोकात टाकायचा स्की-बॉल. काही यंत्रांवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आवाज म्हणाल तर लग्नाचा बँड, भांड्यांचं दुकान आणि तारमास्तरांचं ऑफिस एकाच खोलीत भरल्यासारखा.

आणि तिथे एक सेंट टाकून चालणारी यंत्रं होती. एक सेंट. पेनी. मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे प्रदर्शनासाठी असेल." तो म्हणाला, "मामा, टाकून तर बघा." टाकली. खट्ट आवाज झाला, एक लोखंडी चेंडू सुटला, मी खटका ओढला, चेंडू चुकीच्या खणात गेला, संपलं. बारा सेकंद. मी घड्याळ लावून मोजले.

इथे माझ्यातला टीकाकार आणि माझ्यातला कारकून यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्या यंत्रानं माझ्याकडून एक सेंट मागितला आणि एका सेंटाची करमणूक दिली. ना कमी, ना जास्त. सभासद व्हा म्हणालं नाही. फोन नंबर विचारला नाही. यकृत बरं करतो म्हणालं नाही. तुम्ही हरणार हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं, आणि हरल्यावर आत कोणी लपवाछपवी केली नाही. काचेतून चेंडू कुठे गेला ते स्पष्ट दिसत होतं. आमच्या व्यवहारात यालाच पारदर्शकता म्हणतात. त्याच्यावर दर तिमाहीला एक परिपत्रक येतं.

याची तुलना आमच्या उपनगरातल्या एका मॉलशी करा. (नाव सांगत नाही, तुमच्या उपनगरातही तो असेलच.) तिथल्या खेळघरात पैसे चालत नाहीत, कार्ड घ्यावं लागतं. कार्डात पाचशेच्या पटीत पॉइंट भरायचे आणि एक खेळ पंच्याऐंशी पॉइंटांचा. पंच्याऐंशी पंचे चारशे पंचवीस. उरले पंच्याहत्तर. त्यात खेळ होत नाही आणि ते परतही मिळत नाहीत. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, टॉप-अप करा ना!" सहा महिन्यांनी ते पंच्याहत्तर वारले. आमच्याकडे एखाद्याची ठेव दहा वर्षं बेवारस राहिली तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि त्यानंतरही मालक उगवला तर त्याला परत मिळते. पंच्याऐंशीचा खेळ आणि पाचशेचं कार्ड हा जो अंकगणिताचा प्रकार आहे, तो ज्यानं बसवला त्याला मी कॉस्टिंगच्या पेपरात पैकीच्या पैकी देईन, आणि घरी जेवायला बोलावणार नाही.

पिनबॉलचंच बघा. न्यूयॉर्क शहरात १९४२ साली पिनबॉलवर बंदी आली. हा नशिबाचा खेळ, म्हणजे जुगार, असं महापौर ला ग्वार्डिया यांचं म्हणणं. त्यांनी पोलिसांबरोबर उभं राहून स्वतःच्या हातानं घण घालून यंत्रं फोडली. पुढे १९४७ साली यंत्राला ते पंखे आले, ज्यांनी चेंडू परत वर मारता येतो, आणि खेळाडूच्या हातात काहीतरी आलं. तरी बंदी उठायला १९७६ साल लागलं. रॉजर शार्प नावाच्या तरुणानं अधिकाऱ्यांसमोर यंत्रावर खेळून, चेंडू अमुक वाटेनं जाईल असं आधी सांगून तो तसाच घालवून दाखवला. नशीब की कसब हा वाद असा निकालात निघाला. आपल्याकडे कर्जमंजुरीच्या बाबतीत तो अजून निघालेला नाही. पिनबॉल यंत्राला फार हलवलं की ते रुसतं, 'टिल्ट' असा दिवा लागतो आणि सगळं बंद. कर्जाच्या फायलीलाही असा दिवा असता तर किती आमदारांचा त्रास वाचला असता.

मग भविष्य सांगणाऱ्या यंत्रापाशी आलो. काचेच्या पेटीत एक मेणाची बाई. नाणं टाकलं की ती मान हलवते, हात पत्त्यांवरून फिरवते आणि खालून एक कार्ड पडतं. या वाङ्मयप्रकाराचा मी जुना वाचक आहे. मुंबईच्या स्टेशनांवर वजनाची यंत्रं असायची, आता बहुतेक ठिकाणची गेली. रंगीत दिवे, फिरणारी चकती, आणि नाणं टाकल्यावर पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला नटनटीचं चित्र, दुसऱ्या बाजूला वजन आणि स्वभाव. ते दोन ओळींचं गद्य मला अजूनही आदर्श वाटतं. आपण उदार आहात, मित्र आपला फायदा घेतात, एवढ्यात आटोपशीर. वजन चुकलं तरी स्वभाव नेहमी बरोबर यायचा. त्या मानानं ही अमेरिकन बाई पाल्हाळिक वाटली. दहाबारा ओळी, त्यात प्रेम, प्रवास, धनलाभ, आणि शेवटी शुभ आकडे. माझ्या कार्डात लवकरच अधिकारपद मिळेल असं होतं. माझ्या प्रमोशनची परीक्षा दोनदा झालेली आहे, हे त्या बाईला कोणी सांगितलं नसावं. सौ.ला मात्र, नवऱ्यावर फार विसंबू नये, असा सल्ला निघाला. "आहे हो बाई हुशार," सौ. म्हणाली आणि कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, जिथे ती लॉकरची किल्ली ठेवते.

त्यानंतर घोड्यांची शर्यत. ओळीनं माणसं बसतात, प्रत्येकापुढे चेंडू, ते भोकात टाकले की समोर भिंतीवर आपला पत्र्याचा घोडा थोडा पुढे सरकतो. माझ्या एका बाजूला काउबॉय टोपीतले सत्तरीचे आजोबा, दुसऱ्या बाजूला एक दातपडकी मुलगी आणि पलीकडे सौ., पदर खोचून. सौ.नं आयुष्यात पाच पैसेही कशावर लावलेले नाहीत. भिशीतसुद्धा ती नंबर शेवटी घेते. घंटा वाजली आणि ती अशी काही चेंडू टाकू लागली की आजोबांनी स्वतःचा खेळ थांबवून तिच्याकडे बघायला सुरुवात केली. तिचा घोडा जिंकला. दिवे लागले. आजोबांनी टोपी उचलून 'मॅडम' म्हटलं. पंचवीस सेंटांत मला हे दृश्य बघायला मिळालं. घरी वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

परीक्षणाच्या शेवटी मार्क द्यायचे असतात, पण मध्येच एक बातमी आली. आम्ही परत आल्यावर, १२ नोव्हेंबर २०२५ रोजी, अमेरिकेच्या टांकसाळीनं चलनासाठीची शेवटची पेनी पाडली. एक पेनी पाडायला सरकारला ३.६९ सेंट खर्च येत होता. माझ्यासारख्या माणसाला हा आकडा वाचून झोप लागत नाही. दर नाण्यामागे पावणेतीन सेंटांचा तोटा, आणि तो कित्येक वर्षं. पाडणं थांबवलं हे बरोबरच केलं. आपणही ३० जून २०११ पासून पावली आणि त्याखालची नाणी चलनातून काढलीच. फरक एवढाच की आपली पावली गेली ती गेलीच, त्यांची पेनी अजून कायद्यानं चालते. नवी निघणार नाही, एवढंच. तेव्हा त्या बोळातल्या यंत्रांना इतक्यात उपाशी राहावं लागणार नाही. अमेरिकन घराघरात बरण्या भरून पेन्या पडलेल्या आहेत. भाच्याच्या घरीच वॉशिंग मशिनवर एक बरणी आहे. मी जाताना ती मोजून दिली : चारशे अठरा.

पण सरकार आता तेरा डॉलर ब्याऐंशी सेंटांचं बिल पाच सेंटांच्या पटीत करा म्हणणार, दुकानदार ते वरच्या बाजूला करणार, आणि एका सेंटात काहीतरी द्यायचं असतं ही कल्पनाच हळूहळू मोडीत निघणार. मग एखाद्या दिवशी त्या बोळातही कोणीतरी हुशार मॅनेजर कार्ड आणेल. पाचशे पॉइंटचं. त्या दिवशी मी माझे सगळे मार्क परत घेईन.

तूर्त पाण्याला शंभरपैकी चाळीस, तेही वयाकडे बघून. कपारीतल्या घरांना पस्तीस, दगडांपुरते. घड्याळाला साठ. आर्केडला ब्याण्णव, बंद यंत्रांचे आठ कापले.

निघताना माझ्या खिशात एक पेनी उरली होती. मी ती यंत्रात टाकायला निघालो होतो, पण सौ.नं मागून घेतली. रस्त्याच्या कडेला झऱ्याच्या दगडी कुंडात पाणी बुडबुडत होतं. तिनं पेनी त्यात टाकली आणि हात जोडले.

"कोणाला?" मी विचारलं.

"कोणी असेल त्याला. आणि त्या मुलीला."

रात्री भाच्याच्या घरी हिशेबाची वही काढली. खर्च, एक सेंट. तपशिलाच्या रकान्यात बराच वेळ पेन अडलं. शेवटी 'किरकोळ' लिहून बेरीज मारली.